बर्फातला वर्षावास

यंदा पहिला बर्फ मंगळवारी पडला आणि इरानं नेमकी मंगळवारीच गाडी मागितली. ती सतरा वर्षांची आहे. उन्हाळ्यात तिला एकटीनं गाडी चालवायचं लायसन्स मिळालं, आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस ती एका बेकरीत काम करते. बेकरी टोरोंटोजवळ वॉनमधल्या आमच्या घरापासून बारा मिनिटांवर आहे. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ड्राइव्हवेवर कुणी चाळणीतून तांदळाची पिठी चाळावी इतकाच बर्फ होता. बर्फावर पकड धरणारे विंटर टायर कधीच चढले होते. आमच्याकडे ते ऑक्टोबर संपायच्या आत चढतात, मग बाहेर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून लोक फिरत असले तरी बेहत्तर. म्हणजे नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. तरी किल्ली हातात धरून मी उभी राहिले, ती हात पसरून उभी राहिली, आणि मग मी किल्ली दिली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. चहा केला आणि प्यायला विसरले. छातीच्या मधोमध, जरा डावीकडे, एक ओळखीची मूठ आवळली गेली होती. हिला मी आता ओळखते. दर वर्षी याच दिवसांत ती येते, थोडा वेळ बसते. तिला चहा विचारायचा नाही आणि दारही दाखवायचं नाही, एवढं मी तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शिकले. बारा मिनिटांच्या जागी सतरा मिनिटांनी फोनवर मेसेज आला, ‘रीच्ड’. मी गार चहा पुन्हा गरम केला.

घरात कोंडून घालणारा ऋतू मला नवा नाही. मी नागपूरची. तिथला मे महिना सकाळी अकरालाच रस्ते मोकळे करतो, खिडक्यांना ओल्या वाळ्याच्या ताट्या लागतात, आणि अख्खं शहर कूलरसमोर पाय पसरून संध्याकाळची वाट बघतं. इकडचा हिवाळाही तसाच माणसं आत ढकलतो, फक्त दुसऱ्या टोकानं. नोव्हेंबरात घर तापवणारी फर्नेस पहिल्यांदा सुरू झाली की वर्षभर साचलेली धूळ जळल्याचा वास घरभर येतो. दाराशी ओले बूट येतात, रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पांढरे पडलेले. गॅरेजातून फावडं पुढे काढलं जातं. चार वाजता अंधारतं. या सगळ्याचा मला पूर्वी नुसता कंटाळा यायचा. भीती वाटायला लागली ती त्या एका हिवाळ्यापासून.

इथे शाळेत नववीच्या मुलांनी नोव्हेंबरात एक दिवस आईच्या किंवा वडिलांच्या कामाच्या ठिकाणी जायची पद्धत आहे. इरानं माझी लॅब निवडली. मला कोण आनंद झाला. मी ग्वेल्फला एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दूध, पीठ, मसाले यांत जे असायला नको ते आहे का, हे आम्ही शोधतो. वॉनहून ग्वेल्फ म्हणजे गाडीनं तासभर, त्यातला बराचसा हायवे. त्या सकाळी रस्ता कोरडा दिसत होता. मिल्टनच्या आसपास एका पुलावर गाडीनं माझं ऐकणं सोडलं. दिसत नाही असा बर्फ होता, काचेसारखा पातळ. गाडी पूर्ण गोल फिरली, लेन ओलांडून गेली, आणि रस्त्याच्या कडेला उलट्या तोंडाची उभी राहिली. समोरून येणारे ट्रक आम्हाला सोडून भरधाव निघून गेले. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मी स्टिअरिंगला डोकं टेकून रडत होते आणि चौदा वर्षांची इरा फोनवर तिच्या बाबाला आम्ही नक्की कुठे आहोत ते नीट, सावकाश सांगत होती. विंटर टायरची अपॉइंटमेंट त्या आठवड्याची होती. ‘अजून कुठे थंडी पडलीये,’ म्हणून ती पुढे ढकलणारी मीच.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. आधी दोन दिवस, मग आठवडा. माझा नवरा प्रदीप टोरोंटोला बँकेत आहे, तो सबवेनं जातो. गाडी माझीच होती आणि ती गॅरेजात उभी राहिली. लॅबमधल्या माझ्या साहेब, शॅरन, भल्या बाई. त्यांनी मला रिपोर्ट तपासायचं काम घरून करायची मुभा दिली, पण मार्चअखेरपर्यंतच. नमुने काही घरी येऊ शकत नाहीत. मार्चनंतर मी टेबलाशी हजर नसेन तर त्यांना दुसरं माणूस घ्यावं लागणार होतं, आणि हे त्यांनी मला लपवाछपवी न करता सांगितलं. मार्च लांब आहे, असं मी मला सांगत राहिले.

आता वर्षावासाकडे येते. माझ्या लहानपणी आषाढी पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असायचं. जुन्या काळी पावसाळ्यात भिक्खूंनी फिरणं थांबवून तीन महिने एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याची आठवण म्हणून घरोघरचे लोक त्या तीन महिन्यांत रोज थोडं वाचत, थोडं ऐकत. बायका कामं उरकून पांढऱ्या साड्या नेसून यायच्या. बाहेर चिखलात बुडालेल्या चपलांचा ढीग. एक शाळामास्तर वाचायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, ‘कळलं का?’ आई मोठ्यानं म्हणायची, ‘नाही कळलं, पुन्हा वाचा.’ मला तेव्हा तिची लाज वाटायची. आज वाटतं, असं भर सभेत म्हणता येणं ही केवढी कमाई होती तिची.

कॅनडात आम्ही पाच-सहा कुटुंबांनी हा वर्षावास जुलैत करायचा चंग बांधला होता, आणि दर वर्षी त्याचा बोऱ्या वाजत होता. जुलै-ऑगस्ट म्हणजे इकडची जगण्याची दिवाळी. कुणी कॅम्पिंगला, कुणी भारतात, कुणाच्या बॅकयार्डात बार्बेक्यू. एका रविवारी तर वाचणारे मेश्राम काका आणि ऐकणारी मी, असे दोघंच होतो, आणि मलाही शेजारच्या लॉन मोवरमुळे ऐकू येत नव्हतं.

मेश्राम काका बाहत्तर वर्षांचे. नागपूरला पोस्टात नोकरी केली, काकू गेल्यावर मुलाकडे इकडे आले, आणि मुलाची बदली झाल्यावर टोरोंटोतच एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहिले. वेळेचे इतके पक्के, की दोनला वाचन म्हटलं तर एक अठ्ठावन्नला घसा खाकरणार. त्या नोव्हेंबरच्या शेवटी आमच्यातल्याच गजभियेंच्या घरी आम्ही जमलो असताना त्यांनीच विषय काढला. म्हणाले, भिक्खू थांबायचे ते पावसामुळे; वाटा बंद व्हायच्या, पायाखाली उगवती पिकं आणि जीवजंतू तुडवले जायचे, म्हणून. इथे वाटा कधी बंद होतात? तर बर्फात. मग इथला वर्षावास बर्फातच धरला पाहिजे. गजभिये भाऊजी इंजिनिअर, त्यांना नियमाला हात लावलेला खपत नाही. आषाढी पौर्णिमा ती आषाढी पौर्णिमा, उद्या तुम्ही नाताळ मे महिन्यात कराल, असं त्यांचं म्हणणं. तासभर वाद रंगला. शेवटी गजभिये वहिनी म्हणाल्या की जुलैत भाऊजी स्वतः एकदाही आले नव्हते, आणि ठराव पास झाला. मार्गशीर्ष पौर्णिमा ते फाल्गुन पौर्णिमा, दर रविवारी दुपारी दोन वाजता.

कुणाकडे? आळीपाळीनं, असं ठरत होतं. मी पटकन बोलून गेले की तिन्ही महिने आमच्याकडेच करू, आमचं बेसमेंट मोठं आहे. एका जागी राहायचं हाच तर वर्षावासाचा अर्थ, असंही वर जोडलं. सगळ्यांना ते फार आवडलं. प्रदीपनं एकवार माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप गोळा करायला घेतले.

माझी चूक इथे सुरू झाली, आणि असली चूक आमच्यातलंच माणूस करू जाणे. माझ्या भीतीला मी पांढरी साडी नेसवली. त्यानंतर कुणी कशाला बोलावलं की माझं उत्तर तयार असायचं. बारसं? ‘वर्षावास धरलाय, बाहेर पडत नाही.’ मैत्रिणीची घरभरणी? तेच. इराची शाळेतली मीटिंग प्रदीपवर ढकलली. ग्रोसरी घरपोच यायला लागली. कुणी हसलं नाही, उलट लोक हात जोडायला लागले. गजभिये वहिनी तर इतर बायकांना माझा दाखला द्यायच्या, की नोकरी सांभाळून वैशालीताई किती कडक पाळतात. मी मान खाली घालायची आणि त्यांना तो विनय वाटायचा.

तरी त्या रविवारांवर माझा जीव होता, हेही खरं. दीडपासून दाराशी बुटांचा डोंगर. पांढऱ्या साड्या, पण आत थर्मल, वर जाड कोट, आणि पदर कोटाच्या खाली अडकून बसलेला. बेसमेंटमध्ये सतरंज्या, एका टेबलावर पांढरं वस्त्र, त्यावर बुद्धमूर्ती आणि इरानं लावलेल्या मेणबत्त्या. पहिल्याच रविवारी उदबत्तीच्या धुरानं स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि त्रिसरण चालू असताना प्रदीप टॉवेलनं छताला वारा घालत होता. काकांनी वाचन थांबवलं नाही. खिडकी जमिनीलगत, तिच्या काचेवर बाहेरून बर्फ चढत जायचा आणि आत एक निळसर उजेड भरून राहायचा. मुलं पाठीमागे बसून गुपचूप गेम खेळायची. वाचन झालं की पोहे, कधी कोथिंबिरीची सांबारवडी, शेवटी खीर. माणसं निघाली की बेसमेंटला माणसांचा वास यायचा आणि तो मला सोमवारपर्यंत पुरायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी काकांनी वर्षावासाचे नियम वाचायला घेतले. तीन महिने जागा सोडायची नाही, इथपर्यंत मी मान डोलवत होते. पुढे त्यांनी वाचलं, की कुणी आजारी असेल, आईवडिलांचा निरोप आला असेल, कुणाला धीर देण्याची गरज असेल, तर भिक्खूनं बाहेर पडावं. सात दिवसांत परतावं म्हणजे झालं. मला एकदम आठवलं की वर गॅसवर दूध आहे. नव्हतं. मी वर जाऊन सिंकसमोर उभी राहिले आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

वाचन संपल्यावर काका पाणी प्यायला म्हणून वर आले. त्यांनी पाणी घेतलं नाही. हळू आवाजात विचारलं, “काहून वं वैशाली, भेव वाटून राहिलं का?”

मी म्हटलं, कशाचं भेव, काका. ते गॅरेजकडे उघडणाऱ्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले की काकू गेल्यावर सहा महिने ते बाजारातल्या त्या एका गल्लीतून गेले नव्हते, जिथे दोघं मिळून भाजी घ्यायचे. लांबून वळसा घालायचे, आणि लोकांना सांगायचे की तिकडची भाजी शिळी असते. भाजीवाल्याची बिचाऱ्याची उगाच बदनामी झाली.

“भेवाले हाकलू नको,” ते म्हणाले. “हाकललं का ते दुसरं नाव घेऊन येते. कुठं बसून राहिलं ते फक्त पाह्य. छातीत का पोटात, ते पाह्य.”

मी पाहिलं नाही. मला राग आला. मी त्यांना खिरीची वाटी दिली आणि खाली पाठवलं.

आमच्या लॅबमध्ये मागच्या वर्षी ‘रेझिलियन्स’ या विषयावर तासाभराचं वर्कशॉप झालं. एक हसतमुख तरुण स्लाइड्स घेऊन आला होता. त्यानं प्रत्येकाला दाबायला एकेक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं की माणसानं असं असावं, दाबलं तरी पुन्हा पहिल्यासारखं. मला काही ते पटलं नाही. मी त्या पुलावरून पहिल्यासारखी आलेच नाही. पहिल्यासारखी मी टायरची अपॉइंटमेंट पुढे ढकलणारी बाई होते. बुद्धांच्या शिकवणीतलं मला जे थोडंफार उमजलंय, ते या चेंडूच्या अगदी उलट आहे. सगळं बदलतं, त्यात तूही आलीस. तेव्हा पहिल्यासारखं होण्याचा हट्ट सोड आणि आत्ता काय आहे ते नीट बघ. ऐकायला हे सोपं वाटतं. माझ्यासारखीला ‘आत्ता काय आहे’ हे वाक्यच पुरं करायला चार महिने लागले.

फेब्रुवारीत शॅरनबाईंचा मेल आला की एक एप्रिलपासून तुझं वेळापत्रक लावू का. मी तो चार दिवस उघडाच ठेवला. प्रदीप म्हणाला, नोकरी सोडायची असेल तर सोड, आपण भागवू, पण काय ते ठरव. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. चौदा वर्षं मी त्या लॅबमध्ये आहे. इकडे आल्यावर आधी दोन वर्षं मी एका गोदामात खोकी चिकटवली, रात्री अभ्यास करून इथलं सर्टिफिकेट काढलं, आणि मग ते टेबल मला मिळालं. ते टेबल, तो पांढरा कोट, त्यावर शिवलेलं माझं नाव, हे सगळं हातचं जात होतं आणि मी सतरंज्या झटकत होते.

फाल्गुन पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी आमचा वर्षावास संपायचा होता. भारतात समारोप म्हणजे भाषणं, भोजनदान, सत्कार. काका म्हणाले, या वेळी आपण भिक्खू करायचे ते करू. त्याला पवारणा म्हणतात. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येकानं बाकीच्यांपुढे हात जोडून विनंती करायची, की माझ्यात तुम्हाला जे दिसलं, जे कानावर आलं, जी शंका आली, ते माझ्यावर दया करून सांगा. मला ते दिसलं तर मी सुधारेन. उलट उत्तर द्यायचं नाही, सफाई द्यायची नाही. थोरांपासून सुरुवात.

आधी काका बसले. त्यांना सांगण्यात आलं की दोन मिनिटं उशीर झाला म्हणून ते माणसाकडे असं बघतात, की त्यानं पोस्टाची गाडी चुकवलीये. काका म्हणाले, “दिसलं.” गजभिये भाऊजींना त्यांच्या पत्नीनं सांगितलं की तुम्ही ऐकता कमी आणि दुरुस्त जास्त करता. भाऊजींचं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मग तेही म्हणाले, दिसलं. प्रदीप ध्यानात घोरतो हे सर्वानुमते ठरलं. हसू पिकत होतं, पण प्रत्येक वेळी हात जोडलेलं माणूस जरा लहान आणि जरा मोकळं होऊन उठत होतं.

माझी पाळी आली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं कौतुक होईल. मी हात जोडले, वाक्य म्हटलं. गजभिये वहिनी म्हणाल्या, ताईंमध्ये काय सांगायचं. मग पाठीमागून, मुलांच्या रांगेतून, इराचा आवाज आला. तिनं ग्रंथातलं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण हात नीट जोडले होते.

“आई, यू आर नॉट डुइंग वर्षावास,” ती म्हणाली. “यू आर स्केअर्ड. स्केअर्ड असणं ओके आहे. पण त्याला वर्षावास म्हणू नकोस ना.”

माझे कान तापले. मला तिला गप्प करावंसं वाटलं, वर निघून जावंसं वाटलं, दूध आठवलं. पण उलट बोलायचं नाही असा नियम होता, आणि नियम म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं. त्यानं माझं तोंड धरून ठेवलं आणि तेवढ्या वेळात मला पाहावं लागलं. छातीच्या मधोमध, जरा डावीकडे, एक मूठ. चार महिने ती तिथेच होती. ती दुखत होती, पण ती मूठच होती, तिच्याहून मोठं काही नव्हतं.

मी म्हटलं, “दिसलं.”

मग मला रडू आलं आणि गजभिये वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी मला दाखल्यातून काढून टाकलं असावं, कारण त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात जाऊन गाडीत बसले. सुरू केली नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवलं, हात मांडीवर ठेवले आणि श्वास बघत बसले. आत येतो, बाहेर जातो. थंडीनं तो दिसतही होता. काचेवर धरलेल्या धुळीत कुणीतरी बोटानं रेघ ओढली होती. मूठ आवळली, सुटली, पुन्हा आवळली. दहा मिनिटांनी मी घरात आले आणि एवढ्यानंच इतकी दमले की झोपून गेले. तिसऱ्या दिवशी ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेले. चौथ्या दिवशी आमच्या चौकाला फेरी मारली. रविवारी काका आले नि शेजारी बसले, त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की आता कुठं आहे? मी म्हटलं, पोटात. ते म्हणाले, उतरलं म्हणायचं. आम्ही दोघंही हसलो.

मार्चमध्ये इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. शॅरनबाईंना मी कळवलं होतं की मी एकदा येऊन जाते, टेबल बघते. त्या सकाळी मी किल्ली घेतली तर इरा कोट घालून दाराशी उभी. तिला येऊ द्यावं की नाही, यावर माझ्या आत बरीच झटापट झाली. पण ती म्हणाली की लॅब तर तिनं अजून पाहिलीच नाही. ते खरंच होतं.

हायवेला लागल्यावर बर्फाची भुरभुर सुरू झाली. मी उजवी लेन धरली. लोक मागून यायचे, वैतागून पुढे जायचे. मी त्यांना जाऊ देत होते. माझं सगळं लक्ष रस्त्यावर आणि पोटातल्या त्या गोळ्यावर होतं, आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. मिल्टन जवळ आलं. तो पूल दिसायला लागला. तेव्हा मला बाजूला काहीतरी पांढरं दिसलं. इराचा हात होता. तिनं दाराचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

पूल पार झाला. काही झालं नाही. मी पुढच्या एक्झिटनं बाहेर पडले आणि एका कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. काचेवर बर्फ पडायचा आणि विरघळायचा.

मी विचारलं, “इरा, त्या दिवशी तुला भीती वाटली होती?”

तिनं खिडकीबाहेर बघतच मान डोलवली. मग म्हणाली, “एव्हरी डे. स्कूल बसमध्ये पण. पण तू रडत होतीस ना, सो समबडी हॅड टू बी ओके.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“नोबडी आस्क्ड मी, आई.”

चार महिने. त्यातले तीन महिने माझ्या घरात दर रविवारी वीस माणसं करुणेवर ऐकून पोहे खाऊन गेली, दर रविवारी मेणबत्त्या हिनंच लावल्या, आणि हिला कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही. मी माझ्या भीतीत इतकी ऐसपैस बसले होते की माझ्या मुलीला तिची भीती ठेवायला घरात जागा उरली नव्हती. लाज वाटली, आणि या वेळी ती लाज मला कुठल्याही पातेल्याकडे घेऊन गेली नाही.

तिला जवळ घ्यावं, आता काही होणार नाही म्हणून सांगावं, असं मनात येत होतं. काही होणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी तिच्याकडे वळून बसले, सीट बेल्ट सोडला आणि म्हटलं, “सांग.”

ती आधी अडखळत आणि मग न थांबता सांगत गेली. इंग्रजीत, मराठीत, मध्येच दोन्ही सोडून नुसते हात हलवत. ट्रकचा रंग तिला आठवत होता. फोनवर बाबांशी बोलताना आपलेच दात वाजतायत हे त्यांना कळू नये म्हणून तिनं तोंडात हातमोजा धरला होता. मला हे काहीच माहीत नव्हतं. समोरची काच हळूहळू पांढरी होत गेली, शॅरनबाईंनी दिलेली वेळ टळून गेली, आणि मी गाडी सुरू केली नाही.

बऱ्याच वेळानं ती थांबली. बाहीनं नाक पुसलं, लांब श्वास घेतला, आणि माझा सीट बेल्ट ओढून स्वतःच्या हातानं लावून दिला.

“ओके, आई,” ती म्हणाली. “चल आता.”